बाजारात गाडी उभी राह्यली की टेम्परेचरचा लाल लाइट लागते, मेकॅनिक म्हणते इंजिन खोला – खोलू का?

खारपाण_रायडर (तालुका दर्यापूर)

नमस्कार भाऊ लोकहो. २०० सीसीची लिक्विड कूल (पाण्यानं थंड होणारी) मोटरसायकल हाय, सेकंडहँड घेतली, ४१ हजार किलोमीटर झाले. कंपनीचं नाव लिहीत नाई कारण गाडी चांगलीच हाय, माह्याच हाती आल्यावर काहीतरी बिघडलं. रोज गावावरून अकोल्याले जाणंयेणं करतो, एका बाजूनं ४० किलोमीटर.

प्रॉब्लेम असा हाय का मोकळ्या रस्त्यानं ६०-७० नं चाललो तर काहीच होत नाई, पण आठवडी बाजारातून निंगालो किंवा रेल्वे फाटकावर ५-७ मिनिटं चालू गाडी उभी राह्यली का लाल लाइट लागते अन् मंग खालून गुळगुळ आवाज येते, साइडच्या प्लॅस्टिकच्या बाटलीतून गरम पाणी बाहेर येते. सकाळी थंड गाडीत पाह्यलं तर बाटली काठोकाठ भरलेली अन् रेडिएटरची कॅप खोलली तर आत पाणी दिसतच नाई. हे मले समजूनच नाई रायलं, पाणी बाटलीत हाय तर रेडिएटरात काऊन नाई?

आतापर्यंत काय केलं ते सांगतो. एका मेकॅनिकनं थर्मोस्टॅट (पाणी तापेपर्यंत रेडिएटरची वाट बंद ठेवणारा व्हॉल्व्ह) काढून टाकला, म्हणे उन्हाळ्यात कायले पाह्यजे. मी स्वतः तीन वेळा बोअरचं पाणी भरलं. दुसऱ्या मेकॅनिकनं पाच मिनिटं पाहून सांगतलं का हेड गॅस्केट (सिलिंडर अन् हेडच्या मधातलं सील) गेलं, इंजिन खोला, ७-८ हजार लागतील.

आईले दर पंधरा दिवसाले अमरावतीले दवाखान्यात न्या लागते. मागच्या खेपेले भर दुपारी १ वाजता लाइट लागला अन् आईले घेऊन एका निंबाच्या झाडाखाली तासभर बसलो, तिची तब्येत तशी नाई हो ऊन सोसायची. म्हून विचारतो, इंजिन खोलू का आधी दुसरं काही पाहू?

पाना_दहाबारा (वर्धा)

भाऊ, इंजिन आत्ता खोलू नको. २२ वर्षं झाली गॅरेजात, एवढं वाचून तर कोणी हेड गॅस्केट म्हणू नये.

गाडी कधी तापते हे पयले पाहायचं, बाकी सगळं मागून. चालताना थंड अन् उभी राह्यली का गरम, याचा अर्थ चालताना वारा रेडिएटरले थंड करते अन् उभी असताना ते काम फॅननं करायला पाह्यजे, ते होत नाई. याच्या उलटं असतं, म्हणजे उभी असताना ठीक अन् हायवेवर ८० नं नेली का तापते, तर मी म्हटलं असतं रेडिएटर आतून चोक हाय नाई तर पंप पाणी फेकत नाई. तुह्यी केस पयली हाय.

आता मले चार गोष्टी सांग. लाइट लागते तेव्हा फॅनचा आवाज ऐकू येते का? इंजिन ऑइलच्या काचेत ऑइल कसं दिसते, काळं-तपकिरी का दूध टाकलेल्या चहासारखं? सायलेन्सरमधून गाडी पूर्ण गरम झाल्यावरही पांढरा धूर अन् गोडसर वास येते का? अन् वॉटर पंपाच्या खाली एक बारीक छिद्र असते, तिथून थेंब पडते का? त्या छिद्रातून थेंब म्हणजे पंपाचं सील गेलं, ते छिद्र त्याच्यासाठीच ठेवलेलं असते. बुजवू नको कधीच, एकानं एम-सील लावून बुजवलं होतं, पाणी बाहेर पडायचं बंद झालं अन् ऑइलमध्ये शिरलं.

अन् एक हात जोडून सांगतो, गरम गाडीची कॅप खोलू नको. माह्या उजव्या हातावर मनगटापासून कोपरापर्यंत डाग हाय अजून, शिकाऊ होतो तेव्हाचा. कमीत कमी तासभर थंड होऊ दे, होस पाईप दाबून पाह्य, नरम लागला तरच कॅपले हात लाव.

खारपाण_रायडर

धन्यवाद दादा. फॅनचा आवाज मी गाडी घेतल्यापासून कधीच ऐकला नाई, खरं सांगायचं तर फॅन असते हेच माहीत नव्हतं. ऑइल स्वच्छ हाय, पांढरा धूर नाई, पंपाखाली कोरडं हाय.

संत्रा_एक्सप्रेस (अंजनगाव सुर्जी)

मी मेकॅनिकल डिप्लोमा केलाय आणि लिक्विड कूल गाडीवर परतवाड्यावरून चिखलदऱ्याचा घाट बऱ्याच वेळा चढलेय, घाटात पहिल्या-दुसऱ्या गिअरवर स्पीड कमी आणि इंजिनला जोर जास्त, तिथे कूलिंगची खरी परीक्षा होते. पाना दादा बरोबर सांगताहेत. मी फक्त बाटलीवाला प्रश्न घेते कारण तुमच्या पोस्टमधली सगळ्यात कामाची गोष्ट तीच आहे दादा, आणि दोन्ही मेकॅनिकनी ती ऐकली नाही असं दिसतंय.

रेडिएटरची कॅप म्हणजे नुसतं झाकण नाही, त्यात दोन व्हॉल्व्ह असतात. मोठी स्प्रिंग आणि रबर दाब धरून ठेवतात. कॅपवर ०.९ किंवा १.१ असा आकडा असतो, तो त्या दाबाचा. साधं पाणी १०० डिग्रीला उकळतं, अर्धं कूलंट अर्धं पाणी असं मिश्रण १०७ च्या आसपास, आणि तेच दाबाखाली ठेवलं की १२० च्या वर जाईपर्यंत उकळत नाही. कॅपचं रबर कडक होऊन तडकलं की दाब धरत नाही, मग लवकर उकळतं आणि बाटलीत फेकलं जातं, तुमचा गुळगुळ आवाज तो.

दुसरा व्हॉल्व्ह कॅपच्या बरोबर मधोमध असतो, छोटी चकती. गाडी थंड झाली की आतलं पाणी आकसतं, पोकळी तयार होते आणि ती चकती उघडून बाटलीतलं पाणी परत रेडिएटरात ओढलं जातं. ती चकती चिकटली किंवा कॅपचं रबर गेलं, किंवा बाटलीकडे जाणारी बारीक नळी कुठे फाटली असेल, तर पाणी जातं पण परत येत नाही. बाटली भरलेली आणि रेडिएटर रिकामा, अगदी तुम्ही लिहिलंय तसं. कॅप थंड गाडीतून काढा, मधली चकती नखानं हलकेच ओढा, ती उघडून सोडल्यावर परत बसली पाहिजे. रबर उजेडात धरून बघा. शंका आली तर सरळ नवीन घ्या, पण आकडा तोच हवा, जास्त आकड्याची घेतली तर जुने होस पाईप फाटतात.

फॅनचं असं करा. फॅनचा कपलर (वायरचा प्लग) काढा आणि बॅटरीवरून दोन वायरनी सरळ १२ व्होल्ट द्या. फिरला तर मोटर चांगली, नाही फिरला तर बोटानं पाती हलवून बघा (वायर काढल्यावरच) जाम आहे का. आपल्याकडे एक कारण हमखास असतं ते म्हणजे कापूस. कापसाच्या गाड्यांमागून गाडी चालवली, जिनिंगजवळून रोज गेलं, की ती रुई रेडिएटरच्या जाळीत बसते, वरून धूळ आणि चिखल, त्याचा नमदा होतो. माझ्या गाडीत फॅनच्या दांड्याला रुई गुंडाळली गेली होती आणि फॅन जाम, फ्यूज उडालेला. पंक्चरवाल्याकडच्या हवेनं मागून पुढे फुंका. वॉशिंग सेंटरवर प्रेशरचं पाणी जाळीवर जवळून मारू देऊ नका, पातळ पट्ट्या वाकतात आणि मग हवा जातच नाही.

माणिकगड_८० (चंद्रपूर)

थर्मोस्टॅट काढलेलाच बरा हो आपल्याकडे. इकडं मे महिन्यात ४५-४६ डिग्री जाते, इंजिन गरम करायला थर्मोस्टॅट कशाला पाहिजे, ट्रॅक्टरचा काढून टाकला होता आम्ही, काही झालं नाही.

पाना_दहाबारा (वर्धा)

माणिकगडभाऊ, हे मी पण बारा-पंधरा वर्षं करत होतो, म्हून राग नाई तुमच्यावर. पण आता करत नाई अन् कारण सांगतो.

थर्मोस्टॅट उघडला का पाणी पूर्ण जाते, म्हणजे चांगला थर्मोस्टॅट असेल तर गाडी तापायच्या टायमाले तो उघडाच असते, काढून काही जास्तीचं थंड होत नाई. बिघडलेला अन् बंद अडकलेला असेल तर काढल्यावर फरक पडते, म्हून लोकायले वाटते काढल्यानं फायदा झाला. खरा फायदा नवीन टाकल्यानंही झालाच असता. उलट काही इंजिनांत थर्मोस्टॅट उघडताना बायपासची वाट बंद करते, तो काढला का थोडं पाणी रेडिएटरले न जाताच गोल फिरत राहते. अन् डिसेंबर-जानेवारीत सकाळी ६ वाजता गाडी काढा, इंजिन किती वेळ गरमच होत नाई, फ्युएल इंजेक्शनची गाडी असेल तर ईसीयूले (इंजिनच्या कॉम्प्युटरले) वाटते गाडी थंड हाय, पेट्रोल जास्त फेकते, अॅव्हरेज पडते, प्लग काळा.

तपासणं सोपं हाय. थर्मोस्टॅटवर आकडा असते, बहुतेक ८० ते ८५ च्या मधला. पातेल्यात पाणी गरम करा, दोऱ्यानं लटकवा, तळाले टेकू देऊ नका, पाणी उकळायच्या आत तो उघडला पाह्यजे अन् थंड पाण्यात टाकल्यावर बंद झाला पाह्यजे. पातेलं मातर जुनं घ्या, त्याच्यात मंग सैपाक करू नका, कूलंट विष हाय.

मूर्तिजापूर_मास्तर

मी रसायनशास्त्र शिकवतो, गाडीतलं मला तुमच्यापेक्षा कमी कळतं पण बोअरचं पाणी वाचलं आणि राहवलं नाही. दर्यापूर म्हणजे पूर्णेच्या खोऱ्यातला खारपाणपट्टा, अमरावती-अकोला-बुलडाण्यातला. तिथलं भूजल प्यायला चालत नाही, पिकाला चालत नाही, ते आपण ॲल्युमिनियमच्या इंजिनात तीन वेळा टाकलं.

दोन वेगवेगळ्या गोष्टी होतात आणि लोक त्या एकच समजतात. एक म्हणजे क्षार. पाणी तापलं की कॅल्शियम-मॅग्नेशियमचे कार्बोनेट बाहेर पडून आत पांढरा थर बसतो, घरच्या पाणी तापवायच्या हिटरवर बसतो ना अगदी तोच. रेडिएटरच्या नळ्या काही मिलिमीटरच्याच असतात, आणि थर नुसता वाट अडवत नाही, तो उष्णता धातूपर्यंत जाऊच देत नाही. दुसरी म्हणजे क्लोराइड, मीठच म्हणा. ॲल्युमिनियमवर एक पातळ संरक्षक थर नैसर्गिकच असतो, क्लोराइड तो जागोजागी फोडतं आणि बारीक खड्डे पडत पडत एक दिवस आरपार छिद्र. थर धुता येतो, खड्डा भरून येत नाही. म्हणून हे पाणी आजच्या आज काढा, फॅन दुरुस्त व्हायची वाट बघू नका.

कूलंट म्हणजे नुसता रंग नव्हे, त्यात इथिलीन ग्लायकोल आणि गंज थांबवणारी द्रव्यं असतात, ती वापरून संपतात म्हणून साधारण दोन वर्षांनी बदलायचं, पण गाडीच्या पुस्तकात काय लिहिलंय ते आधी पाहा. हिरवा-लाल-निळा यावरून काही ठरत नाही, डब्यावर ॲल्युमिनियम इंजिनसाठी आहे का आणि तयार मिश्रण आहे की पाणी घालायचं आहे एवढं वाचा. पाणी घालायचं असेल तर बॅटरीचं पाणी (म्हणजे डिस्टिल्ड वॉटर, बॅटरीतलं ॲसिड नव्हे) घाला, तालुक्याला कोणत्याही बॅटरीच्या दुकानात मिळतं. गावातल्या आरओच्या कॅनचं पाणी बोअरपेक्षा खूप बरं पण त्यातही थोडे क्षार असतातच, रस्त्यात अडलात तर टाका आणि घरी येऊन बदला.

संत्रा_एक्सप्रेस (अंजनगाव सुर्जी)

सरांनी सांगितलं त्यावर एक जोड. थर्मोस्टॅट सध्या काढलेलाच आहे ते धुवायच्या कामी येईल, पाणी सगळीकडून फिरेल. मी असं केलं होतं: जुनं पाणी काढून १ लिटर बॅटरीच्या पाण्यात २५ ग्रॅम लिंबूसत्व विरघळवलं, भरलं, १०-१५ मिनिटं इंजिन चालवलं, पूर्ण थंड होऊ दिलं, काढलं आणि मग साध्या बॅटरीच्या पाण्यानं निघणारं पाणी स्वच्छ दिसेपर्यंत धुतलं. रात्रभर ठेवू नका, ॲसिड आहे ते, ॲल्युमिनियमलाही खातं. आणि गरम इंजिनात थंड पाणी ओतू नका, तडा जाऊ शकतो.

थर्मो स्विचचं, म्हणजे पाणी तापलं की फॅन सुरू करणाऱ्या स्विचचं, लिहायचं राहिलं. तुमच्या गाडीत रेडिएटरलाच दोन वायरचा स्विच असेल तर चावी ऑन करून त्या कपलरच्या दोन टोकांना वायरचा तुकडा जोडा, फॅन फिरला तर वायरिंग-फ्यूज-रिले सगळं ठीक आणि स्विच खराब. पण ज्या गाड्यांत सेन्सरचं वाचन ईसीयू घेतं आणि फॅन तो चालवतो, तिथे हा प्रयोग करायचा नाही, आधी वायरिंगचा नकाशा बघा.

खारपाण_रायडर (५ दिवसांनी)

सगळ्यांचे आभार, दोन दिवस सुट्टी काढून चुलतभावासंग वाड्यात बसून सगळं केलं. लमचं लिहितो कारण उद्या दुसऱ्या कोणाले कामी पडीन.

पयले बोअरचं पाणी काढलं. पाणी कसलं, ताकासारखं पांढरट, तळाशी रवाळ गाळ. मास्तर, मले लय वाईट वाटलं पाहून, मी स्वतःच्या हातानं भरलं होतं ते.

कॅप काढून उजेडात धरली तर रबरले एका बाजूनं अर्धी गोल चीर अन् मधली चकती पांढऱ्या क्षारानं पूर्ण चिकटलेली, नखानं हललीच नाई. ताई, तुमी कॅप न पाहता सांगतलं होतं ते शब्दाले शब्द निंगालं. नवीन तोच १.१ आकडा पाहून अकोल्यावरून आणली, २८० रुपये.

फॅनले बॅटरीवरून सरळ करंट दिला तर फिरला, थोडा रडत पण फिरला. जाळीच्या मागून मूठभर रुई अन् चिखल निंगाला, त्याच्यानंतर मोकळा फिरायला लागला. मंग फ्यूज पाह्यला, चांगला. रेडिएटरले दोन वायरचा स्विच हाय, कपलर खोलला तर आतली एक पिन हिरवी होऊन कुजून गेली होती, हात लावला तर तुटून हातात आली. वायरचा तुकडा जोडला तर फॅन सुरू! म्हणजे तापायचं अर्धं कारण त्या एका पिनात होतं अन् मी इंजिन खोलायले निंगालो होतो. इलेक्ट्रिशियनकून कपलर नवीन टाकला, जुना स्विच गरम पाण्यात धरून मीटरनं पाह्यला तर तो चालू होते, बदलायचं काम पडलं नाई.

लिंबूसत्वानं दोनदा धुतलं, पयल्या खेपेले फेस आला, दुसऱ्या खेपेले कमी. पाच वेळा बॅटरीच्या पाण्यानं खंगाळलं. थर्मोस्टॅट नवीन आणला, पातेल्यात उघडताना पाह्यला, भाऊ तर मोबाइलमधी व्हिडिओ काढत होता. मंग तयार मिश्रणाचं कूलंट भरलं.

पण कूलंट भरून चालू केली तर परत काटा वर जायले लागला अन् रेडिएटर हाताले थंड! मले वाटलं झालं, हेड गॅस्केटच हाय. बंद करून ठेवली हाय. काय राह्यलं?

पाना_दहाबारा (वर्धा)

घाबरू नको, एअरलॉक हाय. इंजिन गरम, रेडिएटर थंड म्हणजे मधी हवा अडकली, पंप हवेले ढकलू शकत नाई. पूर्ण थंड होऊ दे. पुढचं चाक उंच होईन अशी गाडी चढावर लाव, रेडिएटरची कॅप सगळ्यात वर आली पाह्यजे. कॅप खुली ठेवून स्टार्ट कर, आयडलवर राहू दे, मोठे होस पाईप हातमोजा घालून हळूहळू दाब अन् सोड, बुडबुडे येतील, पातळी खाली जाईन, भरत राह्य. काही गाड्यांत हवा काढायचा वेगळा बोल्ट असते, तुह्यात असेल तर तो ढिला कर, सलग धार आली का कस. थर्मोस्टॅट उघडला का वरचा होस एकदम गरम लागीन, तिथं पातळी परत पडते, परत भर अन् कॅप लाव. फॅन केव्हाही सुरू होते, बोटं अन् गमछा लांब ठेव.

हे करताना हेड गॅस्केटचीही परीक्षा होऊन जाते. थोड्या वेळानं बुडबुडे थांबले तर हवा होती. थांबतच नसतील, अन् थंड गाडी स्टार्ट केल्यावर मिनिटाभरात होस दगडासारखा कडक होत असेल, तर सिलिंडरचा गॅस पाण्यात येऊन रायला, तेव्हा इंजिन खोलायचं.

खारपाण_रायडर

दादा, कॅनॉलच्या पाळीच्या चढावर लावली. बुडबुडे ८-१० मिनिटं आले अन् थांबले. पाव लिटरच्या जवळपास आणखी कूलंट बसलं, इतली हवा होती आत. कॅप लावून दुपारी ३ वाजता वाड्यात २० मिनिटं उभी चालू ठेवली, काटा मधी आला, फॅन सुरू झाला, दोन-एक मिनिटात बंद झाला, परत सुरू झाला, परत बंद. लाल लाइट नाई. आई ओसरीत बसून पाहत होती, म्हणे हा आवाज कायचा, मी म्हटलं हाच आवाज आजवर नव्हता.

काल आठवडी बाजारातून मुद्दाम दोनदा काढली. सकाळी थंड गाडीत बाटलीतली पातळी बरोबर दोन रेघांच्या मधात, रेडिएटर गळ्यापर्यंत भरलेला.

पाना_दहाबारा (वर्धा)

मस्त काम केलं भाऊ. १०० किलोमीटर झाले का थंड गाडीत एकदा पातळी पाह्य, राह्यलेली हवा निंगून थोडी खाली जाते. मास्तर म्हणाले ते खड्ड्याचं ध्यानात ठेव, रेडिएटरच्या खालच्या कडेले हिरवट-पांढरा डाग दिसला तर तिथून पाझर सुरू होईन.

अन् जुनं जे काढलं ते कुठं टाकलं? माह्या इथं एकदा ट्रॅक्टरचं कूलंट घमेल्यात राह्यलं होतं, शेजारच्या घरचं कुत्रं पेलं, गोडसर लागते ते, दोन दिवसात मेलं. वासरंही पेतात.

खारपाण_रायडर

काढलेल्या पाण्यात जुनं कूलंटही असीन म्हून दोन डब्यायत झाकण लावून माळ्यावर ठेवलं हाय दादा, अकोल्यात जुनं ऑइल घेणाऱ्या गॅरेजवाल्याले विचारलं, तो घेतो म्हणाला. सोमवारी नेऊन देतो. शुक्रवारी आईचा अमरावतीचा नंबर हाय, यावेळी सकाळी ७ लेच निंगतो, अन् गाडीत बॅटरीच्या पाण्याची एक बाटली ठेवली हाय.

मूर्तिजापूर_मास्तर

जाताना मूर्तिजापूरवरून गेलात तर स्टँडजवळ थांबा, आईंना चहा माझ्याकडून.